फुसक्याच्या खाऊचा खिसा

“आता ह्या पोटात घालू तरी काय? दगड?”

मित्रांनो, ही कुरकुर मी अगदी जवळून ऐकली, कारण कुरकुरणाऱ्या सूनबाईंच्या कमरेलाच मी बांधलेला होतो. त्या मोरीत पायपुसणं धूत होत्या. महिन्याभरात सहाव्यांदा. दारात आमचा कुत्रा फुसक्या कान पाडून बसला होता, हा प्रसंग आपल्यावर दुसऱ्याच कोणीतरी आणला आहे अशा चेहऱ्यानं. खरं सांगायचं तर तसंच होतं. कोणी आणला तेही मला माहीत होतं. पण मी पडलो खिसा. मला तोंड आहे, ते उघडतंही, पण त्यातून आवाज निघत नाही.

खाऊची पिशवी म्हणून माझं वय अवघं पाच आठवड्यांचं. कापडाचं वय धरलंत तर मात्र मी सूनबाईंच्या नवऱ्यापेक्षा मोठा. माझा जन्म छापखान्यातल्या एका एप्रनवर झाला. ते एप्रन आबांचं, म्हणजे सूनबाईंच्या सासऱ्यांचं. तेव्हा ते कोणाचे आबा नव्हते, नुसते मशीनवाले होते. एकतीस वर्षं मी त्यांच्या पोटावर बसून काम केलं. माझ्यात पाना असे, शाईचं फडकं असे, कधी मूठभर शेंगदाणे. तुमच्यासारख्या मुलांची पुस्तकं तिथे छापली जात. पहिलं पान कोरं करकरीत बाहेर आलं की आबा आधी ते वासानं तपासत आणि मग डोळ्यांनी. छापखान्याचे मालक मला बघून म्हणत, खिसा असावा तर असा, इतकं लोखंड वागवतो पण टाका उसवत नाही.

मला त्याचा फार तोरा होता. यंत्रं सुरू झाली की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलत. दुरून एकमेकांची थट्टा करत आणि पोट धरून हसत, आणि तेही ऐकू येत नसे. मला ती गंमत वाटायची. त्या यंत्रांनी रोज थोडं थोडं करत आबांच्या कानांतून काय नेलं, ते फार उशिरा कळलं.

आबा निवृत्त झाले. एप्रनची घडी होऊन ते कपाटाच्या तळच्या खणात गेलं. डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत मी अकरा वर्षं काढली. माझी कोणाला आठवण नव्हती. पण खणाला फट होती, आणि घरात काय चाललंय ते त्या फटीतून येत असे.

आधी दाराची घंटा. पाहुणे घंटा वाजवून वाजवून परत गेले. सगळे म्हणाले, घंटेची बॅटरी गेली असेल. ती तीनदा बदलली. मग कुकर. शिट्ट्या होऊन होऊन त्याचं पाणी आटलं, तळ काळा झाला, घरभर धूर झाला, आणि आबा शेजारच्या खोलीत शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. त्या दिवशी शिट्टीत दोष निघाला आणि नवा कुकर आला. आबांच्या मुलानं एकदा कानाच्या डॉक्टरांचं नाव काढून पाहिलं होतं. त्यावर आबा दोन दिवस जेवायला सगळ्यांबरोबर बसले नाहीत. तेव्हापासून हा विषय सगळे टाळू लागले. मित्रांनो, वस्तूंना दोष देणं फार सोपं असतं. वस्तू उलटून बोलत नाहीत.

पण सकाळी घर रिकामं झालं की आबा एकटेच. सूनबाई कपडे दुरुस्तीच्या दुकानात, मुलगा कामावर, नात चिमणी शाळेत. त्या धुरानं सूनबाईंची झोप उडवली होती. त्यांनी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडून ऐकलं, की घंटा वाजली की घरच्या माणसाला उठवायला कुत्र्याला शिकवता येतं. आणि अनाथ कुत्र्यांच्या एका संस्थेतून फुसक्या आला.

संस्थेच्या कागदावर त्याचं काही भारदस्त नाव होतं. पहिल्याच रात्री पोटातून निघालेल्या आवाजांवरून चिमणीनं त्याचं हे बारसं केलं. आबांना सांगितलं, कुत्रा चिमणीसाठी आणलाय, तिचा हट्टच होता. चिमणीनं असा हट्ट कधी केला नव्हता, पण मिळतोय तर नको कोण म्हणेल? कागदावरही तेच लिहिलं, मुलीसाठी. संस्थेच्या ताईंनी सहा आठवड्यांची मुदत दिली. पोट ताळ्यावर आलं आणि वजन वाढलं तर कुत्रा तुमचा, नाहीतर परत.

शिकवायला खाऊ लागतो, आणि खाऊला खिसा. सूनबाईंनी खण उघडला, एप्रन काढलं आणि कात्रीनं मला सोडवून घेतलं. आत जुन्या रेनकोटाचं अस्तर लावलं, वर नाडी ओवली. अकरा वर्षांनी मला ऊन लागलं. आबांनी मला ओळखलं. अंगठ्यानं माझी शिवण चाचपली आणि म्हणाले, “अजून टिकलास की.”

खाऊ निवडणं म्हणजे मात्र सत्त्वपरीक्षा निघाली. आधी दुकानातली रंगीत बिस्किटं आणली. फुसक्या मिटक्या मारत शिकला आणि दुसऱ्या दिवशी पायपुसणं धुवावं लागलं. मग चीजचे तुकडे, मग सुकवलेल्या काळजाच्या काड्या. त्यांचा वास इतका दांडगा, की माझी शाईसुद्धा लाजली. पायपुसणं पुन्हा मोरीत.

शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे वरात गेली. डॉक्टर म्हणाले, नाजूक पोटाला नवलाई नको. एका वेळी एकच पदार्थ द्या, साधा, उकडलेला. तेल, मीठ, मसाला काही नको आणि कांदा-लसूण तर अजिबात नको. तुकडा वाटाण्याएवढा. कुत्रा मोठ्या तुकड्यासाठी काम करत नाही, तुकड्यासाठी करतो. दिवसभरात जेवढा खाऊ द्याल तेवढं जेवण कमी करा. दहा दिवस निवांत गेले तर तो पदार्थ त्याचा. आणि ह्याखेरीज घरातल्या कोणीही, काहीही, मायेनंसुद्धा देऊ नका.

सूनबाईंनी घरी येऊन सगळ्यांना बजावलं. चिमणीला बजावलं, नवऱ्याला दोनदा बजावलं. आबांना सांगितलं तेव्हा त्या ओट्याशी कोंबडी उकडत होत्या. तोंड भांड्याकडे, पाठ आबांकडे. आबांनी जोरजोरात मान हलवली. “हो, हो. बरोबर आहे.”

मी सूनबाईंच्या कमरेला मागच्या बाजूला होतो आणि मला आबांचा चेहरा दिसत होता. असा चेहरा मी छापखान्यात पाहिला होता. नव्या माणसाला काही समजलं नाही, की तो अशीच मान हलवायचा.

उकडलेल्या कोंबडीवर चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी पोट बिघडलं. दोष कोंबडीला. मग मासा आला. दोष माशाला. मग रताळ्याच्या फोडी. घरात एकमेकांवर डोळे ठेवणं सुरू झालं. चिमणीच्या दप्तराची झडती झाली. फुसक्या वाळत चालला, पण शिकणं त्यानं सोडलं नाही. घंटा वाजली की तो उठे, आबांच्या गुडघ्याला नाक लावी आणि दाराकडे तोंड करून उभा राही. आबांना सांगितलं होतं, की हा चिमणीचा खेळ आहे. आबा हसत आणि उठून दार उघडत.

दिवसा मी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असे. तिथून मी रोज पाहत होतो. टपालवाला घंटा वाजवी, फुसक्या आबांना उठवी, आबा टपाल घेत. मग ते परत खुर्चीत बसत, लोणी लावलेला टोस्ट चहात बुडवत आणि अर्धा फुसक्याला देत. “घे बाबा. काम केलंस, उपाशी कशाला राहतोस?” अकरा वर्षांत आबांना इतकं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. आणि ऐकणाराही असा, की तोंडाकडे टक लावून बघे, एक शब्द सांडू देत नसे.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. घरातल्या कोणाला काही महत्त्वाचं सांगायचं असेल, तर हातातलं भांडं खाली ठेवा, समोर या आणि त्याच्याकडे बघून सांगा. त्यानं मान हलवली म्हणून ऐकलं असं समजू नका. आणि मुकं जनावर आजारी पडलं, की त्याच्या ताटात डोकावण्याआधी घरात डोकावा. एवढं केलंत तर माझ्यासारख्या चिंधीचंही सार्थक होईल.

सहावा आठवडा संपला त्या रविवारी संस्थेच्या ताई आल्या. त्यांनी फुसक्याला काट्यावर उभं केलं. वजन तो आला तेव्हापेक्षा कमीच. ताईंचा चेहरा उतरला. तरी त्या म्हणाल्या, काय शिकवलंय ते तरी दाखवा. त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी घंटा वाजवली.

फुसक्या उठला. थेट आबांकडे गेला, गुडघ्याला नाक लावलं आणि दाराकडे वळला. आबांनी उठून दार उघडलं. ताई हसतच आत आल्या. सूनबाईंनी रताळ्याची फोड काढायला माझ्यात हात घातला, आणि बाहेर आला तो लोण्यानं माखलेला टोस्टचा तुकडा. आदल्या दिवशी आबांनीच ठेवला होता, चिमणीला खेळात खाऊ कमी पडायला नको म्हणून.

“हे कोणी दिलं?” ताईंनी विचारलं.

चिमणी म्हणाली, मी नाही. सूनबाई बोटांवरच्या लोण्याकडे बघत राहिल्या. रोज सकाळी आबांच्या टोस्टला हे लोणी त्या स्वतःच लावून जात होत्या. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या हातावरून कळलं. त्यांनी तो तुकडा मुठीत मिटला. त्यांचा नवरा घाईघाईनं म्हणाला, “खिसा जुना आहे हो. धुतला नसेल नीट.”

घ्या. घंटा झाली, कुकर झाला, कोंबडी झाली. आता माझी पाळी.

ताईंनी नकारार्थी मान हलवली. लहान मुलीला खेळायलाच हवा असेल तर दणकट पोटाचा दुसरा कुत्रा देते, म्हणाल्या. ह्याला मात्र सांगितलेलं पाळणारं घर पाहिजे. त्यांनी कागद पुढे ओढला आणि फुसक्याच्या पट्ट्याला दोरी अडकवली. फुसक्या आबांकडे बघत होता.

आबा ताईंच्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी पुढे होऊन दोरी हातात धरली. ओढली नाही, नुसती धरली.

“टोस्ट मी देतो. रोज,” ते म्हणाले. मग सूनबाईंकडे वळले. “तू नको म्हणून सांगितलं असशील, पोरी. तू पाठमोरी बोलतेस आणि मी नुसती मान हलवतो.”

आबांनी ताईंच्या पुढ्यातल्या कागदावर, मुलीसाठी असं लिहिलं होतं तिथे, बोट ठेवलं.

“हे खोडा, बाई. कुत्रा माझ्यासाठी आहे. मला ऐकू येत नाही.”