चाचांनी कोणाला विचारलं नाही?

कल्पना करा, की तुम्ही चौदा वर्षांचे आहात आणि एका शेडनेटमध्ये उभे आहात. शेडनेट म्हणजे हिरव्या जाळीचं मोठं घर. आत मिरचीची झाडं रांगेने उभी आहेत आणि एका कोपऱ्यात, काल जिथं झाडं होती, तिथं आज मधूनमधून नुसती माती दिसतेय. तुमच्या मागे काही मोठी माणसं आहेत. त्यांतलं कोणीतरी खोटं बोलतंय. कोण, ते तुम्हाला अजून माहीत नाही. पण एका माणसाकडे बघायचं तुम्ही मुद्दाम टाळताय, कारण त्याच माणसाने तुम्हाला खोटं ओळखायला शिकवलंय.

सुमेधाचं अगदी असंच झालं होतं.

सुमेधा नववीत. आईवडील कामासाठी पुण्याजवळ, म्हणून ती जाफराबादजवळच्या गावात उषाआत्याकडे राहायची. आत्याच्या शेडनेटमध्ये एका कंपनीसाठी मिरचीचं बी तयार व्हायचं. एका जातीच्या झाडाचे पराग दुसऱ्या जातीच्या फुलाला हाताने लावायचे, असं ते नाजूक काम. पराग देणाऱ्या झाडांना सगळे 'नर' म्हणत. ही झाडं कंपनीची. त्यातलं एकही बाहेर जाऊ नये म्हणून कंपनीचे सुपरवायझर राधेश्याम दर बुधवारी येऊन ती मोजत.

समोरच्या घरात ख्वाजामियाँ राहायचे. पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सुमेधा त्यांना चाचा म्हणायची आणि शाळा सुटली की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. चाचा तिला गुन्हा करणारा माणूस कसा असेल ते ओळखायला शिकवत.

"चेहरा पाहू नको बेटा," ते म्हणत. "त्यानं काय केलं ते बघ. अन् करता येत असून काय केलं न्हाई, ते बी बघ."

मागच्या वर्षी शाळेच्या टाकीची तोटी चोरीला गेली. चोराने जाण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला होता. सुमेधा म्हणाली, "चाचा, याला पाणी वाया जायला नको होतं. म्हणजे हा इथलंच पाणी पितो." तीन दिवस दोघं त्या एका तोटीच्या मागे होते. शेवटी चोर सापडला, तोही शाळेसमोरच राहणारा. चाचांनी त्या दिवशी तिला भजी खाऊ घातली.

तर त्या बुधवारी, शाळेला सुट्टी होती त्या दिवशी, राधेश्यामनी नर मोजले. एकोणीस झाडं कमी भरली. जागच्या जागी उपटलेली.

"चोरी झाली!" आत्या एकदम म्हणाली. "अन् किल्ली प्रभावतीकडं असती."

प्रभावती सहा वर्षांपासून आत्याकडे पराग लावायचं काम करत होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी? एकोणीस झाडं नेऊन मी काय ठेचा वाटू? नराची फुलं रोज आपणच तोडतो, त्याला मिरच्या तरी लागत्यात का?"

"ठेच्याचं सोडा बाई," राधेश्याम म्हणाले. "दुसऱ्या कंपनीवाले ही झाडं डोळे झाकून घेतात. अकरापर्यंत सांगा, कोणाला दिली. न्हाई तर तुमचं नाव शेडनेटवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो. मंग पंचक्रोशीत कोणी तुम्हाला शेडनेटमधी पाय ठेवू देनार न्हाई."

सव्वादहा वाजले होते. पाऊण तासात एका बाईचं काम आणि नाव, दोन्ही जाणार होतं.

चाचा तिथंच होते. ते चौकशी करू लागले आणि सुमेधा शेजारी उभी राहून ऐकू लागली. त्यांनी राखणदार कचरूला विचारलं. प्रभावतीला विचारलं. दुसऱ्या दोन बायांना विचारलं. खुद्द राधेश्यामना विचारलं, "दुसरी किल्ली तुमच्याकडं हाय का साहेब?"

"मलाच चोर करता का हवालदारसाहेब?" राधेश्याम हसले.

"विचारायला पैसे पडत न्हाईत," चाचा म्हणाले. मग दहाच मिनिटांत त्यांनी हात झटकले. "बाहेरचं कोणी तरी असंल. सापडनार न्हाई. संपलं."

संपलं? तोटीला तीन दिवस, आणि एकोणीस झाडांना दहा मिनिटं?

आता सुमेधा चाचांनीच शिकवलेल्या नजरेने बघू लागली. शेडनेटला एकामागे एक दोन दारं असतात. पहिलं लावून मगच दुसरं उघडायचं, म्हणजे किडे आत शिरत नाहीत. चोराने जाताना दोन्ही दारं लावली होती. झाडं उपटल्यावर खड्डे बुजवून माती सारखी केली होती. शेजारच्या झाडाची एक फांदीसुद्धा मोडली नव्हती. हा बाहेरचा माणूस नव्हता. या पिकाला इजा होऊ नये असं वाटणारा माणूस होता. चाचांना हे दिसलं नसेल?

आणि एक गोष्ट तिला टोचत होती. सकाळी राधेश्याम यायच्या आधीच चाचा आत्याच्या अंगणात बसले होते. दोघं हळू आवाजात बोलत होते. सुमेधा चहा घेऊन आली तसे गप्प झाले. "यंदा ऊन लई हाय," चाचा म्हणाले होते. आभाळ तर भरलेलं होतं.

माग न ठेवता काम कसं करायचं हे गावात कोणाला माहीत असेल, तर ते चाचांनाच.

पण चाचा झाडं कशाला नेतील? ती पुन्हा खड्ड्यांपाशी जाऊन बसली. चोरायचीच असती तर कोणीही एका कडेने भराभर उपटली असती. इथं तसं नव्हतं. एक इथलं, दोन तिथली, चार सोडून पुन्हा एक. निवडून. तिने डोळे बारीक करून मागचा रविवार आठवला. ती याच रांगेत फुलं तोडत होती. याच जागी काही झाडांची पानं वरच्या बाजूला वळून आखडली होती. बोकड्या. मिरचीचा रोग.

चोर रोगट झाडं कशाला निवडेल?

रोगट झाडं त्यालाच नकोशी असतात, ज्याला ती कोणाला दिसू द्यायची नसतात. नरावर बोकड्या दिसला, की कंपनी सगळा प्लॉट नापास करते. चार महिन्यांची मेहनत जाते. कोणाची? मग तिला उमगलं, की चाचांनी सगळ्यांना विचारलं होतं. एकाच माणसाला सोडून.

ती उठली. चाचा बाहेर पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते.

"चाचा, तुम्ही आत्याला काहीच कसं विचारलं नाही?"

चाचांनी आधी इकडंतिकडं पाहिलं.

"काल दुपारी बाया जेवायला गेल्त्या," ते म्हणाले. "तुझी आत्या गोणी घेऊन नाल्याकडं निघाल्ती. मी पाह्यली. सकाळी समजावायला आल्तो. म्हनलं, साहेबाला खरं सांगून टाक. हो म्हनली. साहेब झाडं मोजतो, ह्याचा तिला उपटायच्या गडबडीत विसर पडल्ता. त्यानं मोजायला घेतलं अन् तिच्या तोंडून 'चोरी झाली' असं निघून गेलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"तू कोणाच्या घरी राहती बेटा? उद्या तिनं तुला पुण्याला धाडून दिलं तर? तुझी शाळा, तुझं सगळं…"

"म्हणजे माझ्यासाठी?"

चाचा टाकीपासून सरळ झाले. "थोडं तुझ्यासाठी. थोडं… तीस वर्षांचा शेजार हाय. तिचं वाटोळं माझ्या तोंडून व्हावं, असं वाटंना."

"आणि प्रभावतीमावशी?"

चाचांची मान खाली गेली. आजवर त्यांनी दुसऱ्यांना अशी मान खाली घालायला लावल्याचं तिने ऐकलं होतं. त्यांची स्वतःची ती पहिल्यांदाच बघत होती.

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. जाफराबादला जाणारी वडाप जीप थांबली होती. प्रभावती पदराने तोंड पुसत जीपकडे चालली होती. शेडनेटच्या दारात राधेश्यामनी घड्याळात बघितलं आणि फोन बाहेर काढला. आत्या त्यांच्या शेजारी उभी होती. तिचं लक्ष जमिनीकडे होतं.

सुमेधा पळत सुटली. चाचांनी हाक मारली, "बेटा, थांब!" ती थांबली नाही. तिने जीपच्या फळीवर पाय ठेवलेल्या प्रभावतीचा दंड धरला.

"मावशी, उतर."

"ओ ताई, जल्दी करा, सवाऱ्या बसून राह्यल्या!" ड्रायव्हर ओरडला.

"तुम्ही जा. ही येत नाही."

प्रभावतीला काही कळेना. सुमेधाने तिला तसंच धरून शेडनेटपर्यंत आणलं आणि राधेश्यामना म्हणाली, "भाऊ, फोन दोन मिनिटं खाली ठेवा." मग ती आत्याकडे वळली.

"आत्या, काल दुपारी गोणीत काय नेलं, ते तू सांगतेस, का मी सांगू?"