सतरंजीवरची रिकामी जागा

निळ्या-तांबड्या पट्ट्यांची एक जुनी सतरंजी म्हणजे मी. मित्रांनो, माझ्यावर तुमच्यासारखी मुलं जेवायला बसली आहेत, भजनी मंडळी बसली आहेत, बारशाच्या बायका बसल्या आहेत. पण आज मला दुसरंच सांगायचं आहे. माझ्यावर माणसं दोनदा आपला हक्क मागायला बसली. पहिल्यांदा तो मिळाला, दुसऱ्यांदा नाही. असं का झालं, याचा विचार करायला मला पेटीत पुष्कळ वेळ मिळाला.

एका म्हाताऱ्या विणकराने मला हातमागावर विणलं. मिरकरवाड्यातल्या मासळी विकणाऱ्या बायकांनी मला आपल्या मंडळासाठी आणलं. त्यांच्यात गंगुबाई नावाची एक तरुण बाई होती, आवाजाने खणखणीत आणि जिभेने तिखट.

या बायका ज्या जागेवर वर्षानुवर्षं टोपल्या मांडत होत्या, तिथे मोटारी उभ्या करायचं ठरलं आणि त्यांना उठायला सांगितलं गेलं. गंगुबाईने मला नेऊन त्याच जागेवर अंथरलं. "आमाला उठवायचा असंल तर आदी ही सतरंजी उचला," ती म्हणाली.

मला वाटलं, आता सगळ्याजणी इथेच ठाण मांडतील. पण बोटी लागल्या, की लिलावाला जावंच लागे. मासळी कोणासाठी थांबत नाही. म्हणून त्यांनी पाळ्या लावल्या. दुसरी येईपर्यंत पहिली उठत नसे. बसणाऱ्या थोड्याच, पण मी कधी रिकामी पडले नाही. अखेर नगरपालिकेच्या साहेबांना मोटारींची जागा दुसरीकडे शोधावी लागली. बायकांच्या टोपल्यांवर छप्परही आलं. त्या दिवसांत मला मासळीचा वास लागला, तो अजून गेलेला नाही.

गंगुबाई टोपली घेऊन देवरूखच्या बाजूच्या डोंगरातल्या वाड्यांवरही जाई. एसटीची गाडी फाट्यापर्यंतच यायची. पुढे सगळी चढण. तिथल्या एका वाडीत चिमाबाईशी तिचं सूत जमलं. चिमाबाईची मुलगी योगिनी सातवी पास झाली होती. पुढची शाळा दूर होती आणि फाट्यापर्यंतची वाट रानातली. गाडी वाडीपर्यंत यावी, म्हणून वाडीने फाट्यावर बसायचं ठरवलं. चिमाबाईने मला मागून घेतलं.

"ने गो," गंगुबाई म्हणाली. "हिचा पायगुण चांगला हाय. फक्त वासाला नाव ठेवू नको."

सगळी वाडी आली. म्हातारी माणसं, पोरं, कडेवरची बाळं. मिरकरवाड्याच्या बायकांपेक्षा ही माणसं किती तरी जास्त होती. मी अगदी भरून गेले. मला वाटलं, यांना कोण नाही म्हणेल?

मग भातलावणी आली. त्या वाडीची रीत अशी, की आज एकाचं शेत, उद्या दुसऱ्याचं, आणि प्रत्येक शेतात सगळ्यांनी मिळून उतरायचं. म्हणून जशी सगळी एकत्र बसली होती, तशीच सगळी एकत्र उठली. माझ्या चार कोपऱ्यांवर दगड ठेवून गेली. "लावणी उरकली की येतंव," असं मलाच सांगितल्यासारखं म्हणाली.

नेमके तेव्हाच एसटीचे साहेब आले. त्यांनी ते चार दगड पाहिले. "इथे तर कोणालाच गाडी नको आहे," असं म्हणून ते परत गेले.

योगिनीची शाळा तिथेच संपली. चिमाबाईने माझी घडी घातली आणि पेटीत ठेवली. गंगुबाईने मला कधी परत मागितलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी रस्ता झाला, वाडीवर गाडी आली. योगिनीचं तोवर लग्न होऊन गेलं होतं. तिच्या सासरच्या गावाला गाडी नाही, म्हणून तिची मुलगी संस्कृती आजीकडे राहून शिकते. यंदा ती नववीत आहे. आणि यंदाच, माणसं कमी म्हणून वाडीवर येणारी गाडी बंद झाली.

संस्कृतीने पेटी उघडली, तेव्हा चिमाबाई तिच्यावर ओरडली. "ठेव ती परत. आमी सगली बसलो व्हतो. काय मिळाला?"

गंगुबाई ओटीवर बसली होती. आता ती मासे विकत नाही, मैत्रिणीला भेटायला तेवढी येते. ती म्हणाली, "चिमे, माजी सतरंजी गिळलीस ती गिळलीस. आता पोरीला पण बसू देत नाय?"

"तुमच्यापेक्षा आमी जास्त व्हतो, गंगे."

"जास्त व्हतात, आणि सगली एकदम उठलात. आमी थोड्या, पण एक उठली की दुसरी बसायची."

चिमाबाई येऊन तिच्याशेजारी बसली. मग म्हणाली, "ह्या तवाच का नाय सांगितलास?"

"तू इचारलास कदी? सतरंजी मागितलीस, ती दिली."

संस्कृती आणि तिच्या दोन मैत्रिणी मला घेऊन फाट्यावर बसल्या. पावसाळ्यातल्या पहिल्या चाचणीच्या दिवशी मैत्रिणी शाळेला पुढे गेल्या, पण संस्कृतीचा पाय निघेना. ती उठून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मलाही ते चार दगड आठवले.

तेवढ्यात शेतातून चिमाबाई आली. पाय चिखलाने भरलेले. ती माझ्यावर बसली. "जा तू, बाय," ती म्हणाली. "पेपर चुकवू नको. तुज्या जागेवर मी हाय."

मित्रांनो, गाडी अजून आलेली नाही. येईल की नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून मी रिकामी पडलेली नाही. माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरी असेल, तर तिला ऊन दाखवा, वाळवीपासून जपा, पण पेटीत कोंडून ठेवू नका. आणि न्यायासाठी बसलेल्या एखाद्या माणसाला उठावं लागत असेल, तर घटकाभर त्याच्या जागेवर बसा.

मासळीच्या वासाशेजारी आता माझ्या तांबड्या पट्टीवर चिमाबाईच्या पायांचा चिखल वाळला आहे. मला धुवायला हवं, असं संस्कृती म्हणते. धुवा, पण उद्या नको. उद्या योगिनी येणार आहे. बसायची पाळी तिची आहे.