बंद केलेली बारावी ओळ

वाचक मित्रांनो, आज मी आपणांसमोर माझ्या जीवनाची हकीकत सादर करणार आहे. तीत माझे आगमन, माझी सेवा, माझे कौतुक आणि एका सकाळी आमच्यावर ओढवलेला प्रसंग यांचे यथामती वर्णन येईल. या हकीकतीत धैर्य थोडे असून भय फार आहे, हे मी आरंभीच नम्रपणे कळवतो. परंतु ते झाकून ठेवले, तर तेच भय उद्या दुसऱ्या एखाद्या घराच्या दारी जाऊन उभे राहील. म्हणून सांगतो.

मी विजेवर चालणाऱ्या सायकलीचा एक जुना डिस्प्ले आहे. हँडलच्या मध्यभागी माझे स्थान. माझ्या तळहाताएवढ्या काचेवर वेग दिसतो, बॅटरीच्या पाच कांड्या दिसतात, आणि कोणी ब्रेक दाबला की वर्तुळात एक लहानशी उभी रेघ उजळते. काचेखाली तीन बटणे आहेत, आणि मुठीपाशी अंगठ्याने दाबायची वेगाची पट्टी आहे. बॅटरीच्या पेटीशेजारी कंट्रोलर नावाचा माझा थोरला भाऊ राहतो. मी सांगावे आणि त्याने मोटरकडून करवून घ्यावे, अशी आमच्या घरची रीत आहे.

मात्र मी जे सांगतो ते माझ्या मनाचे नसते. माझ्या पोटात वीस ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीपुढे एक आकडा आहे. चाक किती इंचांचे, वेगाची मर्यादा किती, ब्रेक लागताच मोटरची वीज तोडावी की तोडू नये, हे सर्व त्या आकड्यांवर ठरते. कडेची दोन बटणे एकदम दाबून धरली की त्या ओळी उघडतात. तेथे कुलूप नाही, राखणदार नाही. मित्रांनो, ज्याच्या पोटात कोणीही हात घालावा आणि हवे ते फिरवून जावे, त्याला निश्चिंतता कोठून लाभणार? मी पहिल्या दिवसापासून भित्रा आहे, त्याचे कारण हेच.

माझा जन्म कोणत्या देशी झाला ते मला सांगता येत नाही. खोक्याचे झाकण उघडले तेव्हा मला नागेंद्रचा चेहरा दिसला. हा नागेंद्र बेळगावशेजारच्या मच्छे गावातील एका कारखान्यात लेथवर काम करतो. त्याचे आईवडील निपाणीजवळच्या घाटाच्या वरच्या अंगाला, एका लहान गावात राहतात. त्याची आई मालुबाई हिने निपाणीत तीस वर्षे विड्या वळल्या. पुढे ते काम सुटले आणि ती घरच्या दोन म्हशींचे दही मडक्यांत लावून निपाणीच्या बाजारात विकू लागली. एस.टी.च्या गर्दीत रोज एखादे मडके फुटे. आईचे हाल थांबावेत म्हणून नागेंद्रने सायकल घेतली, आणि तिला मोटर, बॅटरी व मी असे सर्व साहित्य आणले.

आम्हांला जोडण्याचे काम गावच्या फाट्यावरील मेस्त्री भावकू याने केले. त्याने चाकाला फीत लावून माप घेतले आणि तेच माझ्यात भरले. वेगाची मर्यादा पंचविसावर ठेवली. ब्रेकची ओळ ही बारावी. तिच्यापुढे त्याने ‘एक’ लिहिला. ‘एक’ म्हणजे ब्रेकला बोट लागताच मोटर सुटणार. ‘शून्य’ म्हणजे ब्रेक ओढला तरी मोटर आपली ओढतच राहणार. भावकूचा हात तेव्हा सावध होता. मला त्याचा आधार वाटला.

सायकलीवर मालुबाई एकटी नसे. मागे तिची बालमैत्रीण जयाबाई बसे. दोघींनी एकाच पडवीत मांडीला मांडी लावून विड्या वळल्या होत्या. आता जयाबाई मडक्यांची टोपली सांभाळे आणि घाटभर बोलत असे.

दोन महिने बरे गेले. मग मालुबाई एका सकाळी भावकूच्या दुकानासमोर थांबली.

“भावकू, ही रेसची पट्टी दाबून दाबून अंगठा भरून येतोय रं.”

“विड्या वळून अंगठा गेला तुमचा, आक्का. गाडीचा दोष न्हाय.”

“दोष कुणाचा ते इचारलं न्हाय तुला. उपाय सांग.”

भावकूने दोन बटणे धरली. माझे पोट उघडले. सतराव्या ओळीपुढे शून्य होते, तेथे त्याने एक केला.

“आता पट्टी आठ सेकंद एकसारखी दाबून धरायची आणि सोडून द्यायची. गाडी त्याच चालीनं जात ऱ्हाणार.”

“आणि थांबवायची कशी?”

“ब्रेकला नुस्तं बोट लावा. मोटर लगेच सुटतीया.”

जयाबाई मागून म्हणाली, “हात सोडून चालती म्हणं. म्हातारपणी सर्कशीत न्हेतीस काय गं मला?”

“तू तोंड चालवतीस ते हात सोडूनच चालवतीस न्हवं?” मालुबाई म्हणाली. “मग गाडीनं चालवलं तर काय झालं?”

त्या दिवसापासून माझी वाहवा झाली. मालुबाईच्या अंगठ्याची कळ उतरली. शेजारच्या बाया थांबून माझे आकडे वाचीत. मला मात्र आतून एक गोष्ट टोचत असे. बांधलेली चाल सोडवणारा हात एकच होता, आणि तो म्हणजे बारावी ओळ.

पुढे खंडेनवमी आली. मालुबाईचे यजमान रवळूआप्पा पूजेच्या बाबतीत फार काटेकोर. त्यांनी विळे, खुरपी, कोयता घासून मांडले आणि आमची सायकल बादल्या ओतून धुतली. मला हळदकुंकू लावले. नंतर झेंडूचा हार हँडलभर गुंडाळला. मागल्या वर्षी नागेंद्रच्या जुन्या गाडीचा हार वाटेतच गळून पडला होता, त्याची रुखरुख त्यांच्या मनात होती. म्हणून त्यांनी दोरा ब्रेकच्या दांडीवरून घेतला, आवळला, आणि गाठीवर गाठ मारली.

त्या आवळण्याने दांडी अर्ध्या बोटाने मागे आली. चाकाला रबर लागले नाही, पण ब्रेक लागल्याची खबर देणारे दांडीच्या आतले बटण दाबले गेले. माझ्या काचेवर वर्तुळातली रेघ उजळली आणि ती विझेना. ब्रेक लागला आहे असे समजून भाऊ कंट्रोलर थांबून राहिला. तो चुकला नव्हता, आणि मीही खोटे सांगत नव्हतो.

गाडी हलेना म्हणून दसऱ्याच्या दिवशी भावकूला घरी बोलावले. त्याच्या दुकानासमोर ओवाळणीसाठी आणि दुरुस्तीसाठी गाड्यांची रांग लागली होती. तो घाईत आला.

“काल धुतली काय गाडी?”

“धुतली की. पूजेला मळकी ठेवू व्हय?” रवळूआप्पा म्हणाले.

“मग ब्रेकच्या बटणात पाणी शिरलं असंल.” भावकूने हाराला हात घातला. “हे जरा बाजूला घेऊ काय, आप्पा?”

“हात नको लावू. आमच्यात पाचव्या दिवशी उतरतोय हार.”

भावकूने हात मागे घेतला. मित्रांनो, त्याची बोटे गाठीपासून वीतभर अंतरावर होती. ती आणखी पुढे गेली असती तर ही हकीकत येथेच संपली असती.

त्याऐवजी ती बोटे माझ्याकडे आली. दोन बटणे दाबली गेली. नववी ओळ गेली, दहावी गेली, अकरावी गेली. बारावीवर तो थांबला आणि एकाच्या जागी शून्य झाले. काचेवरची रेघ विझली. भावकूने अंगणात वीस पावले सायकल चालवली, पट्टी सोडली, सायकल थांबली.

“बेळगावासनं नवं बटण मागवतो. तवर चालवा,” असे म्हणून तो निघून गेला. सतरावी ओळ त्यानेच चालू केलेली होती, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात आले नाही.

माझ्या ध्यानात होते. परंतु मला जीभ नाही. मला आकडे दिलेले आहेत आणि पाचसहा खुणा दिलेल्या आहेत. ‘निघू नका’ अशी खूण माझ्या काचेत कोणी ठेवलेली नाही. मी माझ्या पाचही कांड्या भरलेल्या दाखवीत हँडलवर बसून राहिलो, आणि ते पाहून घरातील सर्वांना बरे वाटले.

दुसऱ्या सकाळी दह्याची सात मडकी भरली. जयाबाई मागे बसली. गावापासून घाटाच्या तोंडापर्यंत मैलभर सपाटी आहे. मालुबाईने पट्टी दाबली. मी सेकंद मोजू लागलो. सहाव्याला अंगठा दुखून ढिला पडेल, अशी मी आशा केली. तो ढिला पडला नाही. आठ झाले. चाल अठरावर बांधली गेली आणि मालुबाईने अंगठा उचलला.

घाटाचे तोंड आले. तिने ब्रेक ओढला. अठराचे चौदा झाले. नेहमीप्रमाणे आता मोटर सुटली असेल म्हणून तिने हात सैल केला, आणि चौदाचे पुन्हा अठरा झाले. तिने पुन्हा ओढला. खाली उतार, मागे जयाबाईचे वजन, आणि आतून मोटरची ओढ; बांधलेली ओढ उतारावरही कमी होत नाही.

“सावकाश गं,” जयाबाई म्हणाली.

“सावकाशच घेतीया. ऐकंना झालीया.”

“ऐकंना म्हंजे?”

“म्हंजे तुझ्यासारखी झालीया. गप बस आणि मला धर.”

जयाबाई खरोखरच गप बसली. इतक्या महिन्यांत ती प्रथमच घाटात गप बसली, आणि त्या शांततेची मला अधिक भीती वाटली. जळक्या रबराचा वास येऊ लागला. तापलेला ब्रेक धरेनासा झाला. बावीस. चोवीस. मी प्रत्येक आकडा दाखवीत होतो, कारण ते माझे काम आहे. पण तो आकडा वाचून त्या माऊलीचा चेहरा कसा होत होता, तेही मलाच पाहावे लागत होते. खाली वळणावर रस्त्याच्या कामामुळे लॉऱ्या एकामागून एक आडव्या वळत होत्या.

“माले, लॉऱ्या दिसाय लागल्या.”

“मलाबी डोळं हाईत.”

मालुबाईने उजवा हात उचलून माझ्या मधल्या बटणावर अंगठा टेकवला. ते बटण तीन सेकंद दाबून धरले तर मी विझतो, आणि मी विझलो की मोटरही थांबते. एक. दोन. अंगठा घसरला. तिने पुन्हा टेकवला. एक. दोन. तीस वर्षे विड्यांच्या पानांवर झिजलेला तो अंगठा तिसऱ्या सेकंदापर्यंत पोहोचेना. मी मनात म्हणत होतो, आई, थोडे आणखी. अंगठा पुन्हा घसरला.

तेव्हा तिने अंगठ्याचा नाद सोडला. चार बोटे माझ्याभोवती आवळली आणि मला मुळासकट उपसले. वायरीचा जोड तुटल्याचे मला जाणवले. त्यानंतर काळोख.

पुढचे मी इतरांच्या तोंडून ऐकले. मी तुटताच मोटर थांबली. मालुबाईने दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी सायकल आवरली आणि वळणाच्या अलीकडे, रस्त्यासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगात घातली. जयाबाईचे डावे मनगट मोडले. मालुबाईचा गुडघा फुटला. सातही मडकी गेली. ढिगापासून लॉऱ्यांची वाट पंधरा पावलांवर होती.

मी भावकूच्या फळीवर जागा झालो, तेव्हा माझ्या काचेवर आडवा तडा होता. नागेंद्र मच्छ्याहून आला होता. सायकल समोर उभी होती आणि रवळूआप्पा हातात विळा घेऊन तिच्यापाशी उभे होते. पाचवा दिवस अजून यायचा होता. त्यांनी कोणाला न विचारता हाराचा दोरा कापला. ब्रेकची दांडी टक् आवाज करून अर्धे बोट पुढे गेली.

तो आवाज भावकूने ऐकला. त्याने मला नवी वायर लावली, बारावी ओळ उघडली आणि शून्याचा एक केला. काचेवर रेघ नाही. दांडी दाबली; रेघ आली. सोडली, गेली. बटणात पाण्याचा थेंबही शिरलेला नव्हता.

“म्हंजे माझ्या हारानं केलं,” रवळूआप्पा खाली बसत म्हणाले.

“हारानं गाडी थांबवली हुती, आप्पा,” भावकू म्हणाला. “चालवली मी.”

संध्याकाळी तो मला खिशात घालून जयाबाईच्या घरी गेला. ती हाताला प्लॅस्टर घालून उंबऱ्यात बसली होती. भावकू उभाच राहिला.

“बस. हात मोडलाय माझा, तोंड न्हाय मोडलं. ऐकून जा.”

तो बसला.

“तुला ठावं हुतं काय, का चालंना झालीया ते?”

“न्हाय, आक्का. पाणी शिरलं असंल असं वाटलं.”

“मग तसं म्हणायचं हुतं की. ‘मला कळंना झालंय, आज गाडी काढू नका,’ एवढं म्हणाय काय जात हुतं रं तुझं? दही इकायचं ऱ्हायलं असतं एक दिस.”

 मग तिने त्याला चहा दिला. त्याने तो निवेपर्यंत हातात धरला.

मालुबाईच्या सायकलीवर आता दुसरा डिस्प्ले आहे. चाल बांधणाऱ्या ओळीपुढे कायमचे शून्य आहे. अंगठा दुखला की ती थांबते, रस्त्याकडेला बसते आणि मग निघते. जयाबाई अद्याप मागे बसलेली नाही. बसेन म्हणते, पण वार सांगत नाही. मी तडा घेऊन भावकूच्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. अजूनही दोन बोटे एकदम जवळ आली की मला बारावी ओळ आठवते.

मित्रांनो, आम्ही यंत्रे हट्टाने थांबत नाही. आम्ही थांबलो, तर त्याला काहीतरी कारण असते, आणि पुष्कळदा ते साध्या डोळ्यांना दिसण्याजोगे असते. ते सापडेपर्यंत आमची एकही ओळ बदलू नका. आणि बदललीच, तर कोणती ओळ, कोणी आणि का बदलली, ते गाडीवर बसणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत सांगा. एवढीच माझी हात जोडून विनंती आहे.

वरील लेखन ज्याच्या हातून झाले, आणि बारावी ओळही ज्याच्या हातून बंद झाली, तो मी, भावकू गुंडू सुतार, सायकल व विजेच्या गाड्यांची दुरुस्ती, घाटावरचा फाटा, तालुका निपाणी. आपण येथवर वाचलेत, त्याबद्दल मी आपला आभारी आहे.