सुचिताच्या पाठवणीची गाडी

मित्रांनो, ताडपत्री उचलल्याशिवाय तुम्ही मला ओळखणार नाही. मी एक जुनी इटालियन गाडी आहे. मुक्काम सारसोळे, नेरूळ.

लांबलचक बॉनेट, जमिनीलगत पोट, आत अक्रोडाच्या लाकडाची पट्टी आणि हाताने शिवलेल्या चामड्याच्या सीट. मला घडवणाऱ्याला एकही रेषा आखूड करवली नाही. म्हणून तर मी देखणी! पण खड्डा दिसला की जीव मुठीत.

पंढरीशेठनी मला हौसेने आणलं. त्यांचे वडील मिठागरात राबलेले. संध्याकाळी शेठ माझ्यासमोर खुर्ची टाकून नुसते बघत बसत. गावातल्या कितीतरी मुली माझ्यात बसून सासरी गेल्या. शेठ स्वतः चालवत आणि आपल्या लेकीकडे बघून म्हणत, "माजी सुचिता पन याच गारीत बसून सासरी जाईल."

मग पंढरीशेठ गेले. त्यांच्या मुलाने, हितेशने, मला विकलं नाही. बापाची आठवण म्हणून ताडपत्रीखाली जपलं. दर दसऱ्याला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, इंजिन सुरू करून बंद केलं. लिंबू मात्र कधी चिरडलं नाही. हितेश ते तसंच उचलून टाकायचा.

इकडे खाडीची खारी हवा माझा तळ पोखरत होती. गल्लीवर काँक्रीटचे थर चढत होते. रस्ता उंच झाला, मी खालीच राहिले.

सुचिताच्या लग्नात मला झेंडूने सजवलं. ती शालू सावरत मागे बसली. हितेश मला रस्त्यावर चढवायला गेला आणि माझं पोट काँक्रीटच्या कडेवर अडकलं. तळ फाटला. काळं तेल रांगोळीवर सांडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टेन्शन नको घेऊ, आमी उचलतो," हितेश म्हणाला. भाऊबंद झटले. मी हलले नाही.

"पोरी, उतर आता," तिची आई विमलबाई म्हणाली. "तुजी सासरची मानसं थांबल्यान."

"आई, बाबांनी सांगितलं होतं ना!"

"त्यांना काय ठाव, रस्ता येवरा चढल म्हनून?"

सुचिता रडत उतरली आणि नवऱ्याकडच्या गाडीतून गेली.

मित्रांनो, मला कोणी टाकलं नव्हतं. फार जपलं होतं. पण नुसतं झाकून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. तुमच्या घरी कुणाची आवडती वस्तू असेल, तर ती वापरा रे. दारापर्यंत तरी नेऊन आणा.

माझा गंजलेला तळ आता जोडण्यासारखा राहिला नाही. उद्या कळंबोलीच्या भंगारबाजारातून माझ्यासाठी क्रेन येणार आहे. हितेश सकाळपासून मला पुसतो आहे.