लायनर थंड होईपर्यंत

मार्लिस हेगस्टाड पास झाल्या. ब्याऐंशी किलोचा माणूस बांधलेली बचावाची स्लेज घेऊन त्या ‘सासूबाई’ नावाच्या उतारावरून एकदाही न थांबता खाली आल्या, तीन मिनिटं बारा सेकंदांत. मुदत चार मिनिटांची होती आणि वय अठ्ठावन्न.

आता हे विसरा. पहाड चालवणाऱ्या कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे त्या शनिवारी ‘सासूबाई’ बंद होती, स्लेज शेडमध्ये कुलपात होती आणि उतारावर चिटपाखरू नव्हतं. स्लेजला बांधलेला ब्याऐंशी किलोचा माणूस मी, म्हणजे मीही नव्हतो. तेव्हा जे घडलंच नाही त्याच्या आधी काय घडलं, तेवढंच सांगतो.

हॅचेट गावात माझं दुकान आहे. बूट मी विकत नाही, बसवतो. स्कीचा बूट म्हणजे बाहेर प्लास्टिकचं कवच आणि आत फोमचं लायनर. कवचाबरोबर जे लायनर येतं ते कुणाच्याच पायासाठी केलेलं नसतं. कारखान्यातल्या लोकांच्या डोक्यात एक सरासरी पाय असतो आणि तो मला नऊ वर्षांत भेटलेला नाही. म्हणून लोक ते काढून टाकतात, माझ्याकडून चांगलं लायनर घेतात, आणि मी ते ओव्हनमध्ये भाजून त्यांच्या पायावर घट्ट बसवतो.

यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. गरम लायनर घालून, बकल लावून, चवडे ठोकळ्यावर टेकवून दहा मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहायचं. टाच केसभर हलली की फोमला सुरकुती पडते, आणि ती सुरकुती मग जन्मभर चावते. त्यामुळे माझ्या ठोकळ्यावरून दहा मिनिटं कुणीही उतरत नाही.

हे गावाच्या लक्षात आलं. हॅचेटमध्ये कुणाला वाईट बातमी द्यायची असली की लोक आधी मला फोन करतात. समोरचा निघून जात नाही, दार आपटत नाही, अंगावर धावून येत नाही. गेल्या हंगामात माझ्या ठोकळ्यावर चार घटस्फोट झाले आणि एक साखरपुडा मोडला. आईवडील घर विकून ॲरिझोनाला निघालेत, हे मला इथेच कळलं. तेव्हा दुकान मावशीचं होतं आणि मी एकोणीस वर्षांचा. ती लायनर अजून झकास आहेत.

मार्लिसबाई सव्वीस वर्षं पहाडावरच्या बचावपथकात. उजव्या पायाचं दुसरं बोट अर्धंच, हिमदंशाने गेलेलं. एका हरवलेल्या दंतवैद्याला शोधताना गेलं. दंतवैद्य सापडला. अंगठ्याच्या मुळाशी अक्रोडाएवढं हाड, दोन्ही घोट्यांवर टेंगळं. पंचावन्नच्या पुढच्यांना पथकात दर नोव्हेंबरला माणसाच्या वजनाची वाळूची पोती लादलेली स्लेज उतरवून दाखवावी लागते. यंदा पहिल्या खेपेला तिसऱ्याच वळणावर बाईंचे पाय बधिर झाले आणि त्या बर्फात बसून बकल सोडायला लागल्या. पथकातल्या पोरांनी त्याचा व्हिडिओ काढला आणि खाली नाचाचं गाणं जोडलं. मीही पाहिला. गाणं चांगलं निवडलं होतं.

दुसरी आणि शेवटची खेप शनिवारी. नापास झाल्या की नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर कंपनीची खोली. त्या खोलीत त्या आणि ‘सूप’ नावाचा म्हातारा कुत्रा राहायचे. हॅचेटमध्ये कंपनीची नाही अशी खोली नाही. याआधी ज्याची खोली गेली तो आता घोड्याच्या ट्रेलरमध्ये राहतो. घोडा तक्रार करतो.

मंगळवारी पथकाचा प्रमुख ब्रँट ऑस्ट्रँडर दुकानात आला. याला स्लेज धरायला बाईंनीच शिकवलं.

“काय लाइल, म्हातारीला ठोकळ्यावर कधी चढवतोयस?”

“उद्या तीनला. का रे?”

“दोन मिनिटांचं काम होतं.”

“दहा मिळतील. तीन पंचवीसला ये, तोवर भाजून होईल.”

“बरं.” तो दारात थांबला. “तुझं हे दुकान कुणाच्या तळघरात आहे रे?”

“कंपनीच्या.”

“हां. सहज विचारलं.”

बुधवारी बाई वेळेवर आल्या. कोट सहा फुटांवरच्या खुंटीला अडकवला आणि पाय माझ्या मांडीवर ठेवले. जिथे जिथे हाड टोचतं तिथे मी पायालाच फोमचे तुकडे चिकटवले, बोटांवर टोपी चढवली, वर पातळ मोजा. गरम लायनर या सगळ्याभोवती बसतं. नंतर तुकडे आणि टोपी काढली की तेवढी मोकळी जागा पायाला मिळते. अकरा लायनरं करून घेतलेली बाई, तिला सगळं पाठ.

“घोट्यावर अजून एक लाव,” त्या म्हणाल्या. “आणि टोपी पुढे ओढ. टोपी विसरलास तर बोटं वर्षभर एकमेकांच्या अंगावर बसतील.”

“नऊ वर्षांत विसरलो नाही, बाई.”

“तुझी मावशी विसरली होती एकदा. मुद्दाम. गिऱ्हाईक तिचा पहिला नवरा होता.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आज कुणी येणार नाही ना रे?”

“कोण येणार?” मी म्हणालो आणि घड्याळ पाहिलं. तीन वीस.

लायनर चढली, बकल लागले, चवडे ठोकळ्यावर गेले. तिसऱ्या मिनिटाला ब्रँट आला. त्याने टोपी काढली. टोपी काढली म्हणजे काय ते हॅचेटमधल्या कुणालाही कळतं.

“काय मार्लिस, कशी आहेस?”

“उभी आहे.”

“दिसतंय.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोलल्या असत्या तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते वाया गेलं.

“सात मिनिटं उरलीत, ब्रँट. बोल.”

“काही नाही गं. शनिवारच्या चाचणीसाठी एक सही लागते. नेहमीचंच.”

“नेहमीचं कधीपासून?”

“कालपासून.” त्याने कागद पुढे केला. बाईंनी तो हात लांब करून धरला, जवळ आणला, पुन्हा लांब केला.

“लाइल, माझा चष्मा दे रे. कोटात आहे, उजव्या खिशात.”

मी खुंटीपाशी गेलो. उजव्या खिशात कुत्र्याची बिस्किटं होती, एक दोरी होती आणि चष्मा होता. तो माझ्या बोटांना लागला. एक काडी जराशी वाकडी होती.

“सापडत नसेल तर राहू दे,” ब्रँट म्हणाला. “तूच वाचून दाखव की. तिचे पाय हलायला नकोत.”

“इथे नाहीये,” मी म्हणालो.

कागदावर दोनच ओळी होत्या: मी आजपासून स्वखुशीने नोकरी सोडत आहे. खोली रविवारपर्यंत रिकामी करीन. एवढा सोपा कागद मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी घसा साफ केला आणि वाचताना त्यात एक शनिवार घातला. “शनिवारी मी नापास झाले, तर मी स्वखुशीने नोकरी सोडीन आणि खोली रिकामी करीन.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“नापास झाले तर खोली तशीही जाणारच,” बाई म्हणाल्या. “आण पेन.”

सही करायला टेकू नव्हता, म्हणून ब्रँटने वळून पाठ वाकवून दिली. माणूस मदतीला तत्पर. बाईंनी त्याच्या पाठीवर कागद ठेवून सही केली, पूर्ण नाव, तारखेसकट, आणि टाच केसभरही हलू दिली नाही. ब्रँटने कागद घडी केला, काउंटरवरचं एक बिस्किट उचललं, ते कुत्र्याचं होतं, आणि खात खात गेला.

दहा मिनिटांची घंटी वाजली. मी बूट उतरवले, तुकडे काढले, टोपी काढली, बूट पुन्हा चढवले. बाई दुकानात एक फेरी मारून आल्या. मग दुसरी. मग जागच्या जागी उड्या मारल्या.

“अरे,” त्या म्हणाल्या, “दुखतच नाहीये.”

“छान.”

“लाइल, अरे, दुखतच नाहीये रे!”

मी पाठ फिरवून ओव्हन पुसायला घेतला. ओव्हन स्वच्छ होता. ती लायनर म्हणजे नऊ वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम.

मला वाटलं होतं, ब्रँट शुक्रवारपर्यंत त्यांना सांगेल. त्याने सांगितलं नाही. शनिवारी सकाळी सातला मी ‘सासूबाई’च्या माथ्यावर गेलो, का गेलो ते विचारू नका. बाई रिकाम्या स्लेजजवळ उभ्या होत्या.

“वाळूची पोती कुठायत?” मी विचारलं.

“ब्रँट म्हणाला, तुझं तू बघ.” त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. “वजन किती तुझं?”

“ब्याऐंशी. बाई, मला तुम्हाला एक—”

“झोप.”

मी झोपलो. त्यांनी मला पाच पट्ट्यांनी बांधलं. छातीवरचा पट्टा इतका आवळला की बोलायचं राहून गेलं, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं.

खाली येताना मला फक्त आभाळ दिसत होतं आणि बाईंची पाठ. तिसरं वळण आलं आणि गेलं. पाठ थांबली नाही. सहाव्या वळणावर बाई गात होत्या. व्हिडिओतलं तेच नाचाचं गाणं. सगळे शब्द पाठ.

खाली ब्रँट उभा होता. एका हातात कॉफी, दुसऱ्यात घड्याळ.

“किती?” बाई ओरडल्या.

त्याने घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. तीन बारा. त्यांचं बघून होईपर्यंत तो थांबला, तेवढी माणुसकी त्याच्यात आहे. मग त्याने बटण दाबलं आणि पुन्हा दाखवलं. शून्य.

“हे काय?”

“मार्लिस, तू बुधवारपासून नोकरीत नाहीस. चाचणी नोकरीतल्या लोकांची असते.” त्याने कागद दिला. “पण ही स्लेज खाली आणायचीच होती. आभार.”

बाईंनी कोटाच्या उजव्या खिशात हात घातला. आधी बिस्किट निघालं, मग दोरी, मग चष्मा. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला, वाकडी काडी सरळ केली आणि दोन ओळी वाचल्या. दोन ओळींना वेळ किती लागणार? मग चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. मी बांधलेलाच होतो. बांधलेला माणूस दुसरीकडे बघू शकतो, म्हणून मी आभाळाकडे पाहिलं.

त्या निघून गेल्या. ब्रँटही गेला. मला दहा वाजता स्की-लिफ्टवाल्याने सोडवलं. त्याने आधी फोटो काढला.

सोमवारी मी जेवून दुकानात परतलो तर ओव्हन चालू होता. सूप काउंटरखाली झोपला होता. बाई आता गाडीत राहत होत्या आणि गाडी माझ्या दारात होती. त्यांनी फळीवरून माझ्या मापाची नवी लायनर काढून भाजायला लावली होती.

“बूट काढ. चढ ठोकळ्यावर.”

मी चढलो. नाही कसं म्हणणार? त्यांनी गरम लायनर माझ्या पायांत कोंबली आणि बकल लावले, शेवटच्या खाचेपर्यंत.

“बाई, टोपी राहिली.”

“कसली टोपी?”

“बोटांवरची.”

“इथे नाहीये,” त्या म्हणाल्या.

बोटं एकमेकांवर चढली. मी हललो नाही. धंद्याची सवय. त्यांनी माझ्या हातात पॅड आणि पेन दिलं आणि घंटी लावली.

“लिही. नऊ मिनिटं आहेत. आणि लाइल, यात एकही शनिवार पदरचा घालू नकोस. आहे तेवढा एक पुरे.”

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. घंटी वाजली तरी त्यांनी मला उतरू दिलं नाही. चष्मा लावून सगळं दोनदा वाचलं, एक चूक दुरुस्त करायला लावली, मग सही केली. या वेळी माझ्या पाठीवर. अर्ज मीच कंपनीच्या कचेरीत नेऊन दिला. लंगडत. ब्रँटने तो घेतला आणि शून्य केलेल्या घड्याळाखाली ठेवला. प्रत खाली देत आहे.

“प्रति, पर्वत व्यवस्थापन. विषय: अर्जदारास शिक्षा मिळण्याबाबत. मी, मार्लिस हेगस्टाड, नोकरीत नसताना, गेल्या शनिवारी बंद असलेल्या उतारावर विनापरवाना शिरले, कंपनीची स्लेज चोरली आणि एका धडधाकट खोटारड्याला तिला बांधून खाली नेले. साक्षीदार तो स्वतः आहे. तो शनिवार घडलाच नाही, असे आपले म्हणणे असल्याचे कळते. तरी गुन्ह्याचे गांभीर्य पाहता मला या पहाडावर आजन्म बंदी घालावी, बंदीचा हुकूम लिफ्टच्या दारावर सर्वांना दिसेल असा लावावा, आणि त्यात गुन्ह्याला लागलेला वेळ, तीन मिनिटे बारा सेकंद, ठळक अक्षरांत नमूद करावा, ही नम्र विनंती.”