सुजलेलं बोट

आईची किडनी मला बसवल्यापासून आईनेच जंतूंच्या धास्तीने घरात उच्छाद मांडला होता. कुंड्या फेकल्या, मांजर हाकललं, माझ्या नवऱ्याला हात धुवायला लावून लावून सळो की पळो करून सोडलं. तरी सुरीने कापलेलं माझं बोट सुजलंच, आणि जंतू हाडापर्यंत पोचला.

"जावईबापूंचा हलगर्जीपणा, दुसरं काय!" आई डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

"हा जंतू माणसाच्या तोंडात असतो," त्या म्हणाल्या. "हिची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलीय, म्हणून एवढा माजला. बोट कुणी तोंडात घातलं होतं?"

मी आईकडे पाहिलं. कापल्याबरोबर आईनेच ते चोखलं होतं, लहानपणी चोखायची तसं.

आई पांढरीफटक पडली.

"अख्खी किडनी चालली माझी," ती म्हणाली, "आणि थुंकी नाही चालली?"