दोन रंगांत आई

धाकटी बहीण कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन दुकानात आली, तेव्हा ताई एका पाटीवरचं जुनं स्टिकर नखाने खरवडत होती. धाकटीला बघून तिच्या कपाळावर आठी पडली. पडणारच! आईच्या शेवटच्या आजारपणात ही बया जेमतेम एकदा आली, तीही नवाकोरा कॅमेरा गळ्यात अडकवून. पाहुणीसारखी खुर्चीत बसली, खटाखट फोटो काढले, डोळे टिपले आणि चालती झाली. आईचं हगणंमुतणं मात्र ताईने काढलं.

"ताई, यातून आईचा चेहरा पत्र्यात कापून दे ना. चांगला भिंतभर. नव्या घरात लावायचाय."

"देते की," ताई गोड आवाजात म्हणाली. मनात म्हणाली, थांब, अशी अद्दल घडवते की जन्मभर विसरणार नाहीस.

ताईचा धंदाच तो. पत्रा कापणाऱ्या मशीनला फोटो कळत नाही, रेषा कळतात. म्हणून आधी फोटोच्या रेषा करायच्या. एकदा त्या झाल्या की चित्र नखाएवढं करा नाहीतर इमारतीएवढं, कड जराही फाटत नाही. मात्र जे रेषेत बसत नाही, ते कायमचं जातं.

तिने कार्ड कॉम्प्युटरला लावलं. बाकीचे फोटो हललेले, एकच काय तो धड होता. कॅमेऱ्याने टिपलेला, कसलेही संस्कार न झालेला कच्चा फोटो. वाकडं झालेलं तोंड, सालपटं निघालेले ओठ, हनुवटीवरचा पांढरा केस, सगळं जिथल्या तिथे. आणि आई कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ती बाजूला बघत होती, औषधाची वाटी घेऊन ताई उभी होती तिकडे. आईला फोटोचा भारी तिटकारा, त्यामुळे घरात तिचा दुसरा फोटो औषधालाही नव्हता. धाकटीकडेही नव्हता, हे ताईला पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच तिने दात ओठ खाऊन कामाला हात घातला. रंग दोनच ठेवले, काळा आणि पांढरा. बारीकसारीक ठिपके गाळायची पट्टी शेवटपर्यंत ओढली. सुरकुत्या गेल्या, केस गेला, तोंड तिने स्वतःच सरळ केलं. डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग उरले. कुणाच्याही आईचा म्हणून खपला असता असा चेहरा! मग तिने कॉम्प्युटरवरचा मूळ फोटो काढून टाकला, कार्ड पुसून कोरं केलं आणि त्यावर दुकानातल्या पाट्यांचे फोटो कोंबले, परत काही मिळायलाच नको.

धाकटी पत्रा न्यायला आली. बघितला आणि तिला रडूच कोसळलं. हं, आता कसं, ताईला वाटलं.

"किती छान दिसते गं आई!" धाकटी हुंदके देत म्हणाली. "तो आजारी चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलतच नव्हता. तू पार घालवलास बघ."

ताईचा चेहरा पडला. तरी तिने शेवटचा घाव घातलाच. "मूळ फोटो पण घालवलाय. कार्ड कोरं आहे."

"बरं केलंस! मला बघवतच नव्हता, म्हणून तर तुझ्या गळ्यात मारला." धाकटीने तिला मिठी मारली. "तुझे उपकार कसे फेडू गं, ताई?"

पत्रा गाडीत घालून ती निघून गेली. जाताना हात हलवत होती.

ताई धावत कॉम्प्युटरशी आली. रेषांची फाइल उघडून तिने आईचा डोळा मोठा केला, आणखी मोठा केला. कड सुरीसारखी स्वच्छ, आत नुसतं काळं. डोळा कुठे बघतोय ते कुठेच नव्हतं. मेले माझे हात, ती मोठ्याने म्हणाली. खरा चेहरा आठवावा म्हणून तिने डोळे घट्ट मिटून घेतले, तर समोर तोच पत्र्यातला, गुळगुळीत, सरळ तोंडाचा चेहरा आला.